ओपन स्पेसचा पार करताना

कॉलनीच्या लेआउट नकाशात एक हिरवा चौकोन असतो. प्लॉट विकताना तो आवर्जून दाखवला जातो आणि "इथे बगिचा होणार" असंही सांगितलं जातं. मग घरं उभी राहतात, रस्ते आणि गटारी होतात, आणि तो चौकोन पावसाळ्यात गाजर गवताचा, उन्हाळ्यात वाळू-विटांच्या ढिगाऱ्यांचा होऊन बसतो. जळगाव जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी त्याचं एकच नाव आहे, ओपन स्पेस. जळगाव-भुसावळ महामार्गावरचं नशिराबाद आता ग्रामपंचायतीची नगरपरिषद झालेलं गाव आहे. जुन्या गावात बसायला पार आहेत, देवळांचे ओटे आहेत, झिपरूअण्णा महाराजांच्या मंदिराचं आवार आहे. नव्या कॉलनीत मात्र संध्याकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाने बसायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. हा लेख त्या चौकोनाभोवती राहणाऱ्या माणसांसाठी आहे.

"एवढ्याशा जागेत काय बगिचा होणार?" ही पहिली शंका. तिचं उत्तर आकड्यांत देता येतं. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास एक एकर, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे सुमारे ४,३०० चौरस फूट. न्यूयॉर्कच्या ऐन गर्दीत १९६७ साली पेली पार्क नावाची एक बाग झाली. ती ४२ फूट रुंद आणि १०० फूट लांब आहे, म्हणजे ४,२०० चौरस फूट. लहान सार्वजनिक जागा कशी असावी हे शिकवताना जगभर तिचं उदाहरण दिलं जातं. आपल्या एका एकराच्या कॉलनीची ओपन स्पेस तिच्याहून लहान नाही. तेव्हा जागा अपुरी आहे ही सबब पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.

कामाला कागदापासून सुरुवात करा. मंजूर लेआउटचा नकाशा, बिनशेतीचा आदेश आणि त्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एवढे तीन कागद हाती हवेत. नशिराबादसारख्या ठिकाणी जुने लेआउट ग्रामपंचायतीच्या काळातले असतात, त्यामुळे एक कागद नगरपरिषदेत, दुसरा तहसील किंवा प्रांत कार्यालयात, तिसरा जळगावच्या नगररचना कार्यालयात सापडेल. नुसत्या चकरा मारून काम होत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपये शुल्क लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे हे नीट पाहा. काही ठिकाणी ओपन स्पेस पालिकेकडे वर्ग झालेली असते, काही ठिकाणी ती मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते, आणि पुढची भांडणं तिथूनच उगवतात. शक्य असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या आणि चारही कोपऱ्यांवर दगड रोवा. शेजारच्या घराचा जिना किंवा गाडीची शेड दोन फूट आत आली असेल तर ते आत्ताच, समजुतीने, चहा पीत बोलता येतं. झाडं लावल्यावर तोच विषय कोर्टात जातो.

बगिच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. तिथे उद्यानाची जागा रुग्णालयासाठी दिली गेली होती. रुग्णालय चांगलंच काम, पण न्यायालयाने म्हटलं की उद्यान ही रहिवाशांची गरज आहे आणि ती अशी परस्पर काढून घेता येणार नाही. हा खटला लढला तो त्या भागातल्या रहिवाशांनी. निकालाची प्रत फाइलमध्ये ठेवा. एकत्रित नियमावलीतही ओपन स्पेसवरच्या बांधकामाला मर्यादा आहे. एकूण बांधकाम त्या जागेच्या पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि त्यातलं तळमजल्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. "सभागृह बांधू, लग्नकार्याला होईल" असा प्रस्ताव कोणी आणला तर हा नियम पुढे करा. सभागृह झालं की त्याला कुलूप लागतं, भाडं ठरतं, आणि बाकीच्या जागेवर मंडपाचे खांब नि पत्रावळ्या पडतात.

एक गोष्ट नव्या नगरपरिषदांच्या गावांसाठी खास. गावाचा विकास आराखडा जेव्हा तयार होतो तेव्हा त्याचं प्रारूप जाहीर होतं आणि हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभराची मुदत मिळते. त्या महिन्यात जागं राहा. कोणत्या गटावर उद्यानाचं आरक्षण आहे, आपल्या भागात आहे का, हे नकाशावर बोट ठेवून पाहा आणि लेखी सूचना द्या. आरक्षण टाकून जमीन ताब्यात घेतली नाही तर दहा वर्षांनंतर मालक नोटीस देऊन ते आरक्षण रद्द होण्याच्या मार्गाला लागू शकतो. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून नकाशावर हिरवा रंग आला की काम संपलं असं समजू नका.

आता माझा मुख्य मुद्दा. जागेवर काही बांधायच्या आधी तिथे बसायला लागा.

आपल्याकडे उलटं होतं. आधी निधी मंजूर होतो, मग कमान, पेव्हर ब्लॉक, एक कारंजं, घसरगुंडी, ओपन जिमची हिरवी-पिवळी यंत्रं आणि नावाचा मोठा फलक. उद्घाटनाला गर्दी होते. दोन उन्हाळ्यांत कारंजं कोरडं, यंत्रांची बेअरिंग गेलेली, फाटकाला कुलूप. पैसा वाया गेला याहून मोठं दुःख हे की त्या जागेवर कोणाचाच जीव नव्हता, म्हणून ती मोडली तेव्हा कोणाला काही तुटल्यासारखं वाटलं नाही. जागा वापरात असेल तर तिथे काय हवं ते वापरणारी माणसंच सांगतात, आणि मागून घेतलेली वस्तू ती सांभाळतात.

वापर सुरू करायला फार माणसं लागत नाहीत. आज देशभरच्या बागांमध्ये सकाळी जे हास्य क्लब भरतात, त्यांची सुरुवात डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत १३ मार्च १९९५ रोजी केली तेव्हा जमली होती पाच माणसं. तुमच्या कॉलनीतही पाच माणसं मिळतील. एका रविवारी सकाळी खुरपी, विळा, घमेली घेऊन गाजर गवत काढा. ते फुलायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, कारण त्याने अंगाला खाज आणि श्वासाचा त्रास होतो. वेडी बाभूळ खोडापाशी नुसती तोडली तर ती पुन्हा चारपट फुटते, म्हणून जेसीबीवाल्याला एक तास बोलावून मुळं काढून घ्या. त्या संध्याकाळी तिथेच चटई टाका, घरून खुर्च्या आणा, चहा करा. दर रविवारी हेच करत राहा. महिन्याभरात कोण येतं, कोणत्या कोपऱ्यात बसतं, पोरं कुठून कुठे पळतात, म्हाताऱ्या माणसांना कोणत्या बाजूने आत यायला सोपं जातं, हे डोळ्यांना दिसेल. तोच तुमचा आराखडा. इंजिनिअरला बोलवायचं ते त्यानंतर.

खानदेशात सावली ही बागेची पहिली गरज आहे, आणि या बाबतीत पुण्या-नाशिकच्या बागांची नक्कल उपयोगाची नाही. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी आठ-साडेआठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी उघड्यावर बसवत नाही. ज्या बागेत सावली आहे तिचा दिवस दोन्ही टोकांनी तासा-दोन तासांनी वाढतो, आणि ज्या बागेत नाही ती उन्हाळ्याचे चार महिने मेल्यागत असते. म्हणून झाडांचा विचार शोभेच्या आधी सावलीचा करा. मावळतीकडची बाजू पहिली धरा. दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं, आणि पश्चिमेच्या कडेला उभ्या असलेल्या झाडांची सावली संध्याकाळी जागेवर आडवी पसरते.

झाडं कोणती? निंब सगळ्यात आधी. आपल्या हवेला तो टिकतो, भर उन्हाळ्यात नवी पालवी घेऊन उभा असतो आणि गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. करंज दाट सावली देतो आणि मार्च-एप्रिलमध्ये लवकर पालवतो. चिंच वाढायला सावकाश, पण नातवंडांसाठी लावायचं झाड. जांभूळ आणि अर्जुनाला पाणी जास्त लागतं, त्यामुळे जिथे सांडपाण्याचा ओलावा आहे त्या कडेला लावावेत. शोभेसाठी बहावा लावा, वैशाखात पिवळा होऊन जातो. जागा मोठी असेल तर एक वड किंवा पिंपळ मधोमध, पण भिंती, गटार आणि नळाच्या लाइनपासून लांब. गुलमोहर दिसायला देखणा आहे, मात्र वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या कडाडून मोडतात, तो बाकड्यांच्या आणि खेळण्यांच्या जवळ नको. नर्सरीवाला कोनोकार्पस देऊ करील, "पाणी लागत नाही, झटपट वाढतो" म्हणेल. घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

दोन झाडांत वीस ते पंचवीस फूट अंतर ठेवा. ४,३०० चौरस फुटांच्या जागेच्या कडेने दहा-अकरा झाडं बसतात आणि ती पुरतात. लोक एका दिवसात शंभर रोपं लावून फोटो काढतात. त्यातली जगतात किती ते पुढच्या वैशाखात जाऊन पाहावं. दहा लावा, सहा-सात फूट उंचीची लावा, आणि दहाच्या दहा जगवा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळे तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात काढून तापू द्यावा, त्यात शेणखत, थोडा मुरूम आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा, आणि पहिला चांगला पाऊस मुरल्यावर रोप लावावं. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून आळं थोडं उंच ठेवा. जिल्ह्यात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपतो. उरलेले आठ महिने झाड तुमच्या हातच्या पाण्यावर आहे.

आणि इथे आपल्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. ठिबकची नळी, ड्रिपर, फिल्टर आणि ते जोडणारी माणसं जळगाव जिल्ह्याइतकी सहज क्वचितच कुठे मिळतील. कॉलनीत निम्म्या घरांची गावाकडे शेती असते, केळी-कपाशीला ठिबक टाकणारा कोणी ना कोणी शेजारीच राहत असतो. पाच-सहा फूट उंच ओट्यावर ५०० लिटरची टाकी, खाली फिल्टर, तिथून एक मुख्य नळी आणि प्रत्येक झाडाला दोन ड्रिपर एवढी जोडणी एका सकाळी होते. टाकी बोअरवर भरा, नाहीतर आठवड्यातून दोन-तीनदा टँकरने. झाडाच्या बुडाशी केळीची वाळलेली पानं किंवा पालापाचोळा चार बोटं जाड अंथरा. ओल टिकते आणि तण कमी येतं. पहिली तीन वर्षं हे सांभाळलं की निंब-करंज आपापल्या मुळांवर उभे राहतात. तोवर सावलीसाठी बांबू आणि हिरव्या शेडनेटचा एक साधा मांडव घाला, त्यावर मधुमालती चढवा.

लॉन करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. हिरवळ पाणी पिते, मजूर मागते, आणि तिच्याशेजारी लगेच "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी लागते. ज्या जागेवर बसता-खेळता यावं म्हणून एवढी खटपट, तिथे पाय ठेवायला मनाई कशाला? मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेलं मैदान आपल्याला पुरेसं आहे. पेव्हर ब्लॉकचंही तसंच. काळ्या मातीवर नीट खोदाई आणि भर न करता बसवलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत वरखाली होतात आणि म्हातारी माणसं ठेचकाळतात. फक्त फाटकापासून बसायच्या जागेपर्यंतचा रस्ता पक्का करा, तोही पायरी न ठेवता, उताराने, म्हणजे काठीवाले आजोबा आणि चाकाची खुर्ची दोन्ही आत येतील. सिमेंटचं काम करताना झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी सोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत हेच सांगितलं होतं, आणि नशिराबादच्या झाडालाही श्वास तितकाच लागतो.

बसायच्या सोयीबद्दल आपल्याला शिकायचं असेल तर मुंबईच्या शिवाजी पार्ककडे पाहावं. १९२५ साली महापालिकेने लोकांसाठी खुलं केलेलं ते मैदान. त्याच्याभोवती उंच भिंत नाही, बुटका कट्टा आहे. कुंपणाचं कुंपण आणि बाकड्याचं बाकडं. पिढ्यान् पिढ्या लोक त्याच्यावर बसून बोलत आले आहेत, आणि मैदानातल्या खेळापेक्षा कट्ट्याच्या आठवणी सांगणारी माणसंच जास्त भेटतात. ओपन स्पेसला भिंत घालायचीच असेल तर सहा फुटांची घालू नका; सोळा ते अठरा इंच उंच आणि दीड फूट रुंद कट्टा घाला, गुरं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून त्याच्या आतल्या बाजूला तीन-साडेतीन फुटांची जाळी लावा. विटा आणि सिमेंट भिंतीपेक्षा कमी लागेल, आणि रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण आहे ते दिसेल, आतल्याला बाहेरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारता येईल. वयस्कर माणसांसाठी मात्र टेकायला पाठ असलेली, हाताला दांडी असलेली चार-पाच बाकडी वेगळी हवीत.

अमेरिकेत विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत आणि छोट्या बागांत कॅमेरे लावून लोक कसे वागतात ते तासन् तास टिपलं आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष ऐकायला इतका साधा आहे की कोणी त्यासाठी कॅमेरे लावावेत याचंच नवल वाटावं: लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. पण त्याने टिपलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. उचलता येणारी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच सरकवतो, काही गरज नसली तरी. ती जागा तेवढ्यापुरती त्याची होते. पेली पार्कमध्ये तशाच सुट्या खुर्च्या आहेत. आपल्याकडे खुर्च्या चोरीला जातील ही भीती खरी आहे, म्हणून दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजारच्या घरी ठेवा, संध्याकाळी बाहेर काढा, रात्री आत. बाकडी बसवताना ती सगळी एका ओळीत, पोलीस ठाण्याबाहेर असतात तशी लावू नका. दोन बाकडी काटकोनात ठेवा. गप्पा मारायला तोंडासमोर तोंड लागतं.

मुलांसाठी वाळूचा खड्डा, लोखंडी दांड्या, टायरचे झोके पुरतात. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत मोकळ्या पडलेल्या तुकड्यांवर सातशेहून जास्त क्रीडांगणं केली, ती अशाच साध्या साहित्यावर. घसरगुंडी पत्र्याची असेल तर ती झाडाच्या पूर्वेला बसवा, दुपारनंतर सावलीत येईल. नाहीतर मे महिन्यात पोरांच्या मांड्या भाजतात. वाळूचा खड्डा रात्री ताडपत्रीने झाका, म्हणजे कुत्री-मांजरं घाण करत नाहीत.

बाया तिथे येतात की नाही, ही बाग लागल्याची खूण. जिथे चार तरुण मोटारसायकली लावून बसतात आणि बाकी अंधार असतो, तिथे कोणती सासुरवाशीण पोराला घेऊन येईल? म्हणून दिव्यांचा विचार झाडांइतकाच काळजीने करा. मधोमध एक डोळे दिपवणारा हायमास्ट लावण्यापेक्षा दहा-बारा फूट उंचीचे, पिवळसर उजेडाचे पाच-सहा दिवे कडेने लावा. चेहरे ओळखू येतात आणि आडोसे राहत नाहीत. उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि खरी बसायची वेळ त्यानंतर सुरू होते. फाटक रात्री आठला बंद करण्याचा नियम पुण्या-मुंबईतून उचलू नका. एमआयडीसीतून, भुसावळहून, दीपनगरहून ड्यूटी संपवून येणारा माणूस जेवून साडेनऊला बाहेर पडतो. उन्हाळ्यात साडेदहा-अकरापर्यंत उघडी राहील अशी व्यवस्था लावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी काही वेळ बायकांचाच राहील असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तर भजनी मंडळ असो की बचत गटाची बैठक, त्यांना हक्काची जागा मिळते. पर्दा पाळणाऱ्या घरांतल्या बायाही मग येतात. पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा कूलर आणि एक स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय जवळपास हवं. ते नसेल तर बाया अर्ध्या तासात उठून घरी जातात.

जागेला सण जोडून द्या. खानदेशाजवळ त्यासाठी काय कमी आहे? आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आज कॉलनीत झोका बांधायला फांदीच उरलेली नाही. तुमच्या बागेतला निंब मोठा होईपर्यंत दोन मजबूत लोखंडी खांब आणि आडवी दांडी उभी करा, आखाजीच्या आठवड्यात त्यावर दोराचे झोके चढवा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई घरोघर फिरते. एक संध्याकाळ ती बागेत बसवा, खिरापत ओळखायची धमाल मुलींना आठ-दहा घरांऐवजी साऱ्या कॉलनीसोबत मिळेल. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की तुऱ्हाट्यांवर वांगी भाजून, कळण्याच्या पुऱ्या घेऊन एक पंगत. शेतावर भरीत पार्टी करणारे आपण, बागेत करायला काय हरकत? फक्त जाळ झाडांपासून लांब, आणि राख त्याच रात्री उचलायची.

नशिराबादला आणखी एक वारसा आहे. गावाला लागून भादली. भादलीच्या रेल्वे स्थानकावर ५ मे १९१८ रोजी बालकवी गेले. त्यांचा जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. बहिणाबाई चौधरी पलीकडच्या आसोद्याच्या, २४ ऑगस्ट १८८० चा जन्म. दोन्ही जन्मतिथी ऑगस्टमध्ये अकरा दिवसांच्या अंतराने येतात, हवा गार असते, झाडं हिरवी असतात. त्या दिवसांत बागेत कवितावाचनाची एक संध्याकाळ ठरवून टाका. १८८७ पासून कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' मासिक ज्या जळगावातून निघालं आणि १९०७ मध्ये जिथे कविसंमेलन भरलं, त्याच्या शेजारच्या गावात पन्नास माणसं कविता ऐकायला जमणं अवघड नाही. शाळेतली मुलं म्हणतील, एखादी आजी लेवा बोलीतली ओवी म्हणेल. जळगावच्या काव्यरत्नावली चौकालगत भाऊंचे उद्यान आहे, तिकडे महात्मा गांधी उद्यान आहे; जैन उद्योगसमूहाच्या पुढाकाराने ती राखली गेली. लहान गावाला असा पाठीराखा मिळत नाही, तिथे हे आपल्यालाच उभं करावं लागतं.

एका नाजूक गोष्टीबद्दल स्पष्ट बोलतो. ओपन स्पेसवर देवस्थान बांधण्याचा आग्रह होईल. भक्तीचा मान ठेवूनही नकार द्या. सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि जागांवर नवं धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे, आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. नशिराबाद मिश्र वस्तीचं गाव आहे. बाग ही अशी एकमेव जागा व्हावी जिथे येताना कोणाला आपण पाहुणे आहोत असं वाटू नये. गणपतीच्या दहा दिवसांसाठी मंडप घालायचा तर घाला, ईदच्या संध्याकाळी शीरखुर्मा वाटायचा तर वाटा, पण परवानगी लेखी, मंडप उतरवण्याची तारीख ठरलेली, आणि खड्डे बुजवण्याची जबाबदारी मंडळाची. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहेच. बागेत तो आणखी काटेकोरपणे पाळा, कारण भोवतीची घरं दहा-वीस फुटांवर आहेत. परीक्षेच्या दिवसांत तर ध्वनिक्षेपक नकोच.

आता सांभाळायचं कोणी? सात ते नऊ जणांची समिती करा. निम्म्या बाया, एक-दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त माणूस ज्याला कागदपत्रांची सवय आहे. नोंदणी पहिल्या दिवशी लागत नाही, पण मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज हवाच: जागेचा गट क्रमांक, क्षेत्रफळ, आपण काय करणार, पालिकेने काय करावं, आणि देखभाल कोण करणार. सोबत रहिवाशांच्या सह्या, नकाशाची प्रत आणि चार रविवारी काढलेले फोटो. वापरात असलेली जागा फोटोत दिसली की निधी मागणं सोपं जातं. झाडं-उद्यानांना २०२० पासूनच्या माझी वसुंधरा अभियानात गुण मिळतात, त्यामुळे नगरपरिषदेलाही त्यात रस असतो; अमृत २.० मध्येही हरित जागांसाठी तरतूद आहे, आणि आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करता येते. निधीतून कट्टा, दिवे, पाण्याची टाकी, शौचालय मागा. कमान मागू नका.

रोजच्या खर्चासाठी दर घरटी महिन्याला थोडी वर्गणी ठेवा आणि देऊ न शकणाऱ्या घराकडून श्रम घ्या. आठवड्यातून एक तास झाडलोट केली की हिशेब बरोबर. पैसे एकाच्या खिशात नकोत, दोघांच्या सहीचं खातं उघडा, आणि जमाखर्च दर महिन्याला फाटकापाशी फळ्यावर खडूने लिहा. चावी तीन घरांत ठेवा, त्यातलं एक पहाटे लवकर उठणाऱ्याचं आणि एक रात्री उशिरा झोपणाऱ्याचं. पाण्याची पाळी घरांच्या क्रमाने लावा, फळ्यावर नावं लिहा. मे महिन्यात लोक सुट्टीला गावी जातात, नेमकं तेव्हाच झाडांना पाणी सर्वात जास्त लागतं. म्हणून एप्रिलमध्येच कोण कधी बाहेर जाणार हे विचारून मेच्या पाळ्या आधी ठरवा. फांदी तोडायची असली तरी १९७५ च्या झाडांच्या अधिनियमाखाली नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. वायरला लागणारी फांदी वीज कंपनीच्या माणसाने परस्पर खोडापासून उडवू नये म्हणून त्यांच्याशीही आधी बोलून ठेवा.

दिवाळी झाली की एकदा सगळी झाडं मोजा. जी गेली असतील त्यांच्या जागी नव्या रोपांची मागणी नर्सरीत तेव्हाच नोंदवा आणि खड्डे उन्हाळ्यात तापायला उघडे ठेवा.